दुर्रीची थाप

दिवाळीचा फराळ उरकला, दारातल्या रांगोळीचे रंग एकमेकांत मिसळू लागले आणि भाऊबीजेला आलेल्या मंडळींनी आजचा मुक्काम इथेच असे जाहीर केले, की आपल्याकडच्या पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या खणातून पत्त्यांचा कॅट खाली येतो. मुलांचा झब्बू, बायकामंडळींचा बदामसात आणि गॅलरीत सतरंजी टाकून वडीलधाऱ्यांचा मेंढीकोट असे तीन अड्डे एकाच घरात जमतात. पाने वाटून होतात न होतात तोच कोणीतरी शेजाऱ्याच्या पानांत डोकावतो, कोणीतरी ‘चोरून बघू नका हो’ म्हणून ओरडते, आणि ज्या आजोबांनी जन्मभर पै-पैचा हिशेब चोख ठेवला, ते खुशाल भिडूला डोळा मारतात. ‘चॅलेंज’मध्ये तर थाप मारणे हाच खेळ. पान पालथे टाकायचे, तोंडाने ‘दोन राण्या’ म्हणायचे आणि चेहरा देवघरातल्या समईसारखा शांत ठेवायचा. थाप पकडली गेली तर गठ्ठा उचलावा लागतो, यापलीकडे शिक्षा नाही.

ब्रिजचे घराणे मात्र निराळे. तिथे थाप कुठे मारावी, कशाने मारावी आणि कुठे मुळीच मारू नये, यासंबंधी लेखी कायदा आहे. हा कायदा मी प्रथम वाचला तेव्हा वाटले, की नीतिशास्त्रावरच्या जाड ग्रंथांत जे सापडले नाही ते पत्त्यांच्या नियमपुस्तकात सापडले. म्हणून आज वाचकांना ब्रिजच्या अवाढव्य वाड्यातली एकच खोली दाखवायची आहे: डावाचे पहिले पान टाकताना मारलेली थाप, म्हणजे फसवी उतारी.

‘पत्ते’ म्हटल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. १९६७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला, तेव्हा रमीतले नशीब हे ब्रिजच्या डावातल्या नशिबाच्याच जातीचे आहे, अशी तुलना केली होती. म्हणजे रमीला जामीन हवा होता तेव्हा न्यायालयाला ब्रिज आठवला! आणि २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिजला प्रथमच स्थान मिळाले, तेव्हा पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या आपल्या जोडीने आणले. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. ज्या वयात आपण दोन जिने चढून दम खातो, त्या वयात त्या गृहस्थांनी देशासाठी सोने मिळवले, आणि तेही खुर्चीवर बसून!

आता खेळाची तोंडओळख. चौघे खेळाडू, प्रत्येकी तेरा पाने. समोरासमोर बसणारे भिडू. आधी लिलाव होतो. आम्ही इतके हात करू, अमुक रंग हुकूम धरून किंवा हुकूम न धरता, अशी चढती बोली लागते. शेवटची बोली ज्या जोडीची, तिच्यातला एक जण डाव खेळतो. त्याला डिक्लेअरर म्हणतात. त्याचा भिडू आपली तेराही पाने टेबलावर उघडी मांडून स्वस्थ बसतो; तो डमी. पण डमी उघडण्यापूर्वी एक पान पडते. डिक्लेअररच्या डाव्या हाताला बसलेल्या विरोधकाने ते टाकायचे असते. ही पहिली उतारी. साऱ्या डावात एवढे एकच पान असे, की जे टाकताना माणसाला स्वतःच्या तेरा पानांखेरीज काहीच दिसत नसते. त्यानंतर प्रत्येकाला स्वतःची तेरा आणि डमीची तेरा अशी सव्वीस पाने दिसतात.

मराठीच्या प्राध्यापकाला शब्दांची खोड असते, ती इथे जरा सहन करावी. ‘उतारी’ हा शब्द ‘उतरणे’च्याच कुळातला, त्याच कुळात ‘उतारा’ही आहे. सात-बाराचा उतारा खोटा निघाला तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पत्त्यांची उतारी खोटी निघाली तर मंडळी ‘वाहवा’ म्हणतात. एकाच घरातल्या दोन भावंडांचे नशीब हे असे.

तशीच ‘बोली’. ब्रिजची बोली ही खरोखरच बोली आहे, आणि तिचा शब्दकोश जगातला सर्वांत लहान असावा. एक ते सात हे आकडे, चार रंगांची नावे, ‘नो-ट्रंप’ म्हणजे बिनहुकुमी, आणि ‘पास’, ‘डबल’, ‘रिडबल’. मोजून पंधरा शब्द. एवढ्या भांडवलावर दोन माणसांनी आपापल्या तेरा पानांचे वर्णन एकमेकांना करायचे असते. लिलाव संपला की हे पंधरा शब्दही संपतात आणि पुढे बोलायचे ते पानांनी. आमच्या अलंकारशास्त्रात अभिधा आणि व्यंजना असा भेद करतात. शब्दाचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ, आणि त्यातून सुचणारा तो व्यंग्यार्थ. पानांचेही तसेच आहे. इस्पिकच्या सत्तीचा वाच्यार्थ इस्पिकची सत्ती. पण पहिल्या उतारीला ती टाकली, की तिचा व्यंग्यार्थ निराळा होतो.

तो कसा, ते पाहू. नो-ट्रंपच्या डावात उतारी करणाऱ्याने आपल्या लांब रंगातले वरून चौथे पान टाकावे, असा जुना रिवाज आहे. ब्रिजची पूर्वज ‘व्हिस्ट’, तिच्यापासून तो चालत आला आहे. या रिवाजातून रॉबर्ट फॉस्टर नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक गंमतीदार हिशेब काढला. पडलेल्या पानाचा आकडा अकरातून वजा करा. जी बाकी राहील तेवढी त्याहून वरची पाने उरलेल्या तिघांकडे मिळून असतात. सत्ती पडली, तर अकरातून सात गेले, राहिले चार. सत्तीच्या वर अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत एकूण सात पाने, त्यांतली तीन खुद्द उतारी करणाऱ्याकडे, कारण सत्ती हे त्याचे चौथे, उरली चार. यात जादू नाही, फक्त वजाबाकी आहे. समोरचा भिडू डमीकडे आणि स्वतःकडे पाहतो आणि डिक्लेअररच्या मुठीत त्या रंगाची किती मोठी पाने आहेत ते बिनचूक सांगतो.

पण ही वजाबाकी एकट्या भिडूलाच येते असे थोडेच आहे? डिक्लेअररही शाळेत गेलेला असतो. भिडूला पाठवलेले पत्र उघड्या पोस्टकार्डावर असते. शत्रू ते त्याच क्षणी वाचतो. फसव्या उतारीचा जन्म या पोस्टकार्डातून झाला. पत्र शत्रू वाचणारच असेल, तर त्याच्यासाठी त्यात एखादी थाप का लिहू नये?

एक नमुना घेऊ. दक्षिणेने ‘तीन नो-ट्रंप’ बोलले आहे, म्हणजे हुकुमाशिवाय तेरापैकी नऊ हात करायचे. पश्चिमेला तुम्ही. तुमच्याकडे इस्पिकचे पाच पत्ते: राजा, गुलाम, सत्ती, तिर्री, दुर्री. शिवाय चौकटचा एक्का आणि किलवरचा राजा. रिवाजाप्रमाणे उतारी तिर्रीची, कारण ती वरून चौथी. तुम्ही टाकता दुर्री.

डमी उघडते, तिच्यात इस्पिकची छक्की आणि पंजी. तुमचा भिडू राणी घालतो. डिक्लेअररकडे एक्का, नश्शी आणि चौक. तो एक्का दाबून ठेवतो आणि हात तुमच्या भिडूला जातो. भिडू दश्शी परत आणतो, तोही हात त्याचाच. तिसऱ्यांदा तो अठ्ठी आणतो, आता एक्का पडतो. तुमच्याकडून दरम्यान सत्ती आणि गुलाम गेले. हातात उरले राजा आणि तिर्री.

डिक्लेअरर आता विचार करतो. त्याच्याकडे आठ हात रोकडे आहेत, नववा हवा. वाटा दोन. एक, चौकटचा एक्का तुमच्याकडून काढवून आपला राजा मोकळा करायचा. दुसरी, डमीत किलवरचे एक्का आणि राणी आहेत, तिकडे पान नेऊन राणी घालायची. राजा तुमच्याकडे असला तर राणी जिंकेल, नसला तर पडेल. याला फिनेस म्हणतात. पहिल्या वाटेत एक हात द्यावाच लागतो. दुसरीत द्यावा लागेल किंवा लागणार नाही.

तुम्ही तिर्री टाकली असती तर त्याला दुर्री कुठे आहे याची चिंता पडली असती. ती तुमच्याकडे असेल तर तुमचे इस्पिक पाच, आणि चौकटचा एक्काही तुमच्याकडेच निघाला तर डाव बुडाला. तो डोके खाजवत बसला असता आणि कदाचित किलवरच्या वाटेने जाऊन सुखरूप सुटलाही असता. पण तुम्ही टाकली दुर्री! दुर्रीच्या खाली पान नाही. ती वरून चौथी असेल तर तुमचे इस्पिक चारच, आणि तिर्री तुमच्या भिडूकडे. म्हणजे इस्पिकचे दोन हात गेले, आणखी एक जाईल, चौकटचा एक्का जाईल, एकूण चार. उरले नऊ. डाव पक्का! मग उगाच फिनेसची जोखीम कशाला? तो निर्धास्तपणे चौकट खेळतो. तुम्ही एक्का मारता, इस्पिकचा राजा वाजवता, आणि मग ती तिर्री हळूच टेबलावर ठेवता. पाचवा हात. डाव एका हाताने बुडाला.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. दुर्री खोटे बोलली का? नाही. दुर्री होती ती दुर्रीच होती. वाच्यार्थ शंभर टक्के खरा, व्यंग्यार्थ तेवढा खोटा. धर्मराजाच्या ‘नरो वा कुंजरो वा’ची ही सख्खी बहीण. आणि द्रोणाचार्यांनी त्या वाक्यावर विश्वास का ठेवला? ते भीमाने सांगितले म्हणून नव्हे. जन्मात कधी खोटे न बोललेल्याने सांगितले म्हणून. फसवी उतारीही त्याचीच पचते, ज्याची शंभरांतली नव्वद पाने खरी असतात. नेहमी थापा मारणाऱ्याच्या दुर्रीकडे कोण ढुंकून पाहतो?

आता कथेची दुसरी बाजू. वरच्या डावात एका पात्राकडे आपण लक्षच दिले नाही, ते म्हणजे तुमचा भिडू. दुसऱ्या खेपेस त्याने दश्शी परत आणली. रिवाज असा, की मूळची तीन पाने असतील तर उरलेल्या दोहोंतले मोठे परत आणायचे, आणि मूळची चार असतील तर सर्वांत लहान. त्याच्याकडे चार असती तर त्याने दश्शी आणली नसती, तिर्री आणली असती. म्हणजे बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगून टाकले, की माझ्याकडे तीनच. आता तीन त्याची, तीन डिक्लेअररची, दोन डमीची. तेरातून आठ गेले, उरले पाच. मुरलेला डिक्लेअरर तिथेच थबकतो. उतारी म्हणते चार, दश्शी म्हणते तीन, आणि दोहोंची बेरीज जमत नाही. दोन साक्षीदारांतला एक खोटा आहे! नवऱ्याने दारावर आलेल्या वर्गणीवाल्यांना ‘साहेब घरी नाहीत’ म्हणून सांगावे आणि त्याच वेळी आतून बायकोने ‘अहो, चहा निवतोय’ म्हणून हाक मारावी, त्यातला हा प्रकार.

आणि इथे निदान थाप उघडी पडली एवढेच. कधी कधी ती भिडूच्याच घशात अडकते. माझे भिडू पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. आम्ही अकरा वर्षे एकत्र खेळतो. आमच्या जिमखान्यात जोड्यांची स्पर्धा होती. फार मोठी नव्हे, पण आम्ही त्या दिवशी पहिल्या तिघांत होतो आणि दोनच डाव उरले होते. समोर तीन नो-ट्रंप. भिडूंनी बदामची दुर्री टाकली. पुढे माझ्या एक्क्यावर उतारी माझ्या हातात आली. मी मनाशी हिशेब मांडला: दुर्री, म्हणजे यांचे बदाम चार, दोन खेळून झाले, मी बदाम परत नेला तर आणखी दोनच हात मिळतील आणि डाव बुडवायला तर तीन हवेत. म्हणून दुसरीकडे कुठे काही सापडते का ते पाहावे, या विचाराने मी चौकट वळवली. डिक्लेअररने उरलेले सगळे हात गोळा केले आणि माझे आभार मानले. भिडूंच्या हातात बदामची तीन पाने तशीच राहिली. त्यांचे बदाम पाच होते.

“बदाम का नाही आणलात?” त्यांनी विचारले.

“तुमचे चार होते ना?”

“अहो, ती दुर्री त्याच्यासाठी होती!”

“पण वाचली मी,” मी म्हणालो.

नंतर घरी येताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. पारितोषिक गेले याचे दुःख चार दिवसांत ओसरले. पण पुढचे दोन महिने जे झाले ते मला अधिक लागले. भिडूंनी कोणतेही लहान पान टाकले, की माझ्या मनात प्रश्न उभा राही: हे खरे की खोटे? साध्या सरळ डावांतही मी त्यांच्या पानामागे दुसरे पान शोधू लागलो. जी बेरीज मी डोळे मिटून करीत असे ती दोनदा तपासू लागलो, आणि तेवढ्यात खेळातली लय जाऊन सोपे डाव हातचे सुटू लागले. एका थापेची किंमत एक डाव नसते. तिच्यानंतरच्या प्रत्येक खऱ्या पानावर ती थोडी थोडी वसूल होत राहते.

म्हणूनच जाणते खेळाडू सांगतात, की फसवेगिरी हा मुख्यतः डिक्लेअररचा प्रांत. तो एकटा असतो. त्याने कितीही थापा माराव्यात, त्याचा भिडू डमी होऊन बसलेला. त्याला कशाचे सुख ना दुःख. बचाव करणारे मात्र दोघे असतात, आणि त्या दोघांमध्ये पानांखेरीज दुसरा पूल नसतो. तो पूल स्वतःच्या हाताने कापायचा, तर पलीकडे आपले माणूस अडकलेले नाही याची खात्री हवी.

ही खात्री करून घेण्याचे साधन आहे, आणि तेही वजाबाकीचेच. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक, असे गुण धरतात. चार रंगांचे मिळून चाळीस. समोरच्यांनी सरळ तीन नो-ट्रंप गाठले, म्हणजे त्यांच्याकडे साधारण पंचवीस-सव्वीस असणार. वरच्या नमुन्यात तुमच्याकडे अकरा होते. चाळीसमधून सदतीस वजा करा. भिडूच्या वाट्याला तीन-चार. असला फकिराचा हात घेऊन बसलेल्या माणसाला निर्णय घ्यायचेच नसतात. त्याला फसवले काय आणि न फसवले काय! उलट भिडूकडे आठ-दहा गुण असतील तर डावाचे सुकाणू कधी ना कधी त्याच्या हातात येणार. त्याला खोटा नकाशा देऊन समुद्रात सोडणे हा शहाणपणा नव्हे. आमच्या जिमखान्याच्या डावात नेमके हेच झाले होते.

याच हिशेबावर दुसरी एक प्रसिद्ध थाप उभी आहे. समोरच्यांनी हुकूम ठरवून सहाची बोली लावली आहे, म्हणजे बारा हात करायचे आहेत. तुमच्याकडे चौकटचा एक्का आहे. शिष्टसंप्रदाय असा, की हुकुमाच्या डावात एक्क्याखालचे लहान पान कधी काढू नये. लिलावावरून तुम्हाला वाटते, की चौकटचा राजा डमीत असणार. तुम्ही मुकाट्याने चौकटची तिर्री टाकता. डमीत निघतात राजा आणि गुलाम. डिक्लेअररच्या हातात चौकटची दोन बारकी पाने. तो मनाशी म्हणतो, ‘सहाच्या डावात एक्क्याखालून कोण मरायला उतारी करील? याच्याकडे राणी असणार.’ तो गुलाम घालतो. तुमच्या भिडूची राणी त्याला खाते, भिडू चौकट परत आणतो आणि तुमचा एक्का दुसरा हात मारतो. सहाची बोली कोसळली. समोरच्यांकडे इतके गुण असताना भिडूकडे त्या राणीखेरीज फारसे काही नव्हतेच. त्याचे नुकसान व्हायला जागा नव्हती. पण डिक्लेअररकडे चौकटचे एकच पान निघाले असते, आणि त्याने राजा घातला असता, तर तुमचा एक्का जन्मभर खिशातच राहिला असता. थापेलाही जोखीम असते. ती फुकट मिळत नाही.

आता त्या कायद्याकडे येतो. आजच्या काँट्रॅक्ट ब्रिजला १९२५ साली अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर आकार दिला. तेव्हापासूनच्या शंभर वर्षांत नियमांत पुष्कळ भर पडली. पण थापेसंबंधीचा आजचा नियम स्वच्छ आहे. पानाने किंवा बोलीने विरोधकाला फसवायला पूर्ण मुभा. मात्र चेहऱ्याने नाही, हातवाऱ्याने नाही, मुद्दाम विचारलेल्या प्रश्नाने नाही, आणि वेळेनेही नाही. हातात एकच पान असताना दोन असल्यासारखा विचार करीत बसणे, किंवा उतारी करताना उगाच सुस्कारा सोडणे, हा नियमभंग. म्हणजे दुर्री टाका, खुशाल टाका. पण ती टाकताना रोज तिर्री जशी टाकता तशीच टाका. आणि आणखी एक अट. ती थाप तुमच्या भिडूलाही थापच असली पाहिजे. आपला माणूस अमुक प्रसंगी दुर्री खोटी टाकतो हे भिडूला सवयीने ठाऊक झाले असेल, तर ते विरोधकांनाही ठाऊक करून द्यावे लागते. म्हणूनच उतारीचे पान आधी पालथे ठेवायचे असते. भिडूचे प्रश्न विचारून झाले, की मगच ते उलटायचे.

हे सारे मी एकदा घरी रंगात येऊन समजावून सांगत होतो. आमच्या सौभाग्यवतींना ब्रिज येत नाही, पण तर्कशास्त्र उत्तम येते. त्या म्हणाल्या, “म्हणजे उघड सगळ्यांसमोर खोटं बोललेलं चालतं?”

“चालतं.”

“आणि परवा पाहुणे जेवायला थांबत होते तेव्हा मी तुम्हाला डोळ्यानं खुणावलं, की आमटी पुरणार नाही. ते खरं होतं.”

“ते ब्रिजमध्ये चालणार नाही. तो गुन्हा.”

“गुपचूप खरं सांगितलं म्हणून?”

“गुपचूप खरं सांगितलं म्हणूनच!”

त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग बरं झालं मी तुमची भिडू पत्त्यांत नाही.”

आमटीची ही खूण किती महागात पडते त्याचे उदाहरण जगाने २०१५ साली पाहिले. नॉर्वेचा नामांकित खेळाडू बोये ब्रोगेलँड याने इस्रायलच्या एका अव्वल जोडीवर जाहीर आरोप केला. विशेष म्हणजे ती जोडी पूर्वी त्याच्याच संघातून खेळली होती, आणि तिच्या साथीने जिंकलेले किताब आपण सोडत आहोत असे त्याने सांगून टाकले. सामन्यांची चित्रफीत सर्वांना उपलब्ध होती. देशोदेशींच्या खेळाडूंनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. लिलाव झाल्यावर ती पाने ठेवण्याची फळी टेबलावर कुठे सरकवून ठेवायची, त्या जागेवरून भिडूला कोणत्या रंगाची उतारी हवी हे कळवले जात होते, असे त्यांच्या ध्यानात आले. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत १९७५ पासून टेबलाच्या मधून पडदा लावतात, भिडूंना एकमेकांचा चेहरा दिसू नये म्हणून. चेहरा झाकला, तर फळी बोलू लागली! २०१६ साली युरोपियन ब्रिज लीगने त्या जोडीवर पाच वर्षांची बंदी घातली आणि दोघांनी पुन्हा भिडू म्हणून एकत्र बसणे कायमचे बंद केले. त्यांनी भिडूला खोटे काहीच सांगितले नव्हते. बदाम हवा होता तेव्हा बदामच मागितला होता. गुन्हा एवढाच, की ते खरे समोरच्या दोघांना ऐकू येत नव्हते.

म्हणजे ब्रिजच्या टेबलावर खऱ्या-खोट्याची रेघ आपण समजतो तिथून जात नाही. ती उघडे आणि झाकलेले यांच्यामधून जाते. चौघांसमोर टाकलेली खोटी दुर्री सभ्य. दोघांतच ठेवलेली खरी खूण असभ्य. यातला न्याय असा, की उघड थाप मारणारा स्वतःही जोखीम घेतो. त्याचा भिडू फसू शकतो, त्याचा एक्का मरू शकतो. चोरट्या खुणेत जोखीम काहीच नाही. म्हणून तिला खेळ म्हणता येत नाही.

आमचे प्राध्यापकमहाशय दोन महिन्यांनी एका संध्याकाळी आपणहून घरी आले. चहा झाला. आम्ही खोटी उतारी कायमची बंद केली नाही. तसे केले असते तर समोरचे आमच्या प्रत्येक दुर्रीवर डोळे मिटून घर बांधू लागले असते. ठरले ते एवढेच, की जिथे भिडूला काही करायचे शिल्लक आहे तिथे त्याला खरेच सांगायचे, आणि विरोधकांनी उतारीचा रिवाज विचारला तर तोही पूर्ण सांगायचा. तेव्हापासून कोणी विचारले की मी सांगतो, “वरून चौथे पान. पण समोरचा हात अगदीच रिकामा असेल असे वाटले, तर आमचे भिडू क्वचित थापही मारतात.” मंडळी हसतात आणि मला मिश्किल समजतात.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक किलवरची दुर्री पडली. माझ्या तेरा पानांत एक राणी सोडली तर चित्र नव्हते. मी मुकाट्याने रंग पाळत गेलो. डिक्लेअररने निवांतपणे एक हात सोडला, भिडूंनी तो घेतला, दोन किलवर वाजवले आणि सर्वांत शेवटी तिर्री खाली ठेवली. डाव एकाने बुडाला. समोरचे गृहस्थ क्षणभर त्या तिर्रीकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी दिलखुलास हात पुढे केला.

पाने पिसता पिसता भिडूंनी मला हळूच विचारले, “तुम्हाला कळलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

ते खरे होते. म्हणूनच तो हात आमचा होता.